अण्णांचा वाघ

सात रस्त्याच्या चौकात सायकलच्या चाकात हवा भरत होतो, तेवढ्यात गिरणीचा शिपाई धावत आला. "साहेब, अण्णा गेले की हो…" सकाळीच आम्ही सोबत चहा घेतला होता. पंप हातातच राहिला.

भालचंद्रअण्णा आमच्या गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात प्रोग्रॅमर होते. मी मोहोळजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा कार्डांना भोकं का पाडतात हेही मला ठाऊक नव्हतं. "एकेक कार्ड म्हणजे यंत्राला दिलेली एकेक सूचना," इथपासून त्यांनी मला सगळं शिकवलं. आज माझ्या घरची चूल पेटते ती त्यांच्यामुळं.

दिवसभर पगाराचे प्रोग्रॅम लिहून हा माणूस संध्याकाळी घरी वाघ-बकरीच्या खेळाचा प्रोग्रॅम लिहायचा. वाघानं बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी त्याला कोंडायचं; बकऱ्या माणसानं चालवायच्या, वाघ यंत्रानं. पण यंत्र गिरणीत, म्हणून स्वयंपाकघराचंच यंत्र व्हायचं. फरशीवर खडूनं पट आखलेला, वहिनींच्या पुढ्यात हिशोबाला चिंचोक्यांचे डबे, आणि अण्णा एकेक सूचना वाचायचे, "तीन नंबरच्या डब्यात एक टाका." वहिनी म्हणायच्या, "माझी भाकरी करपली तर तुमच्या वाघालाच वाढीन!" समोर बकऱ्या घेऊन त्यांची लेक शकू बसलेली. ती बहुतेकदा हरायची, रुसायची आणि पुन्हा पट मांडायची. "मुद्दाम हरणं त्याला येत नाही बघ," अण्णा म्हणायचे, "म्हणून जिंकशील तेव्हा ते खरं तुझं." गिरणीतल्या यंत्राशी तिला एकदा खेळवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

फार विनवण्या केल्यावर मॅनेजरसाहेबांनी एका रविवारची परवानगी दिली. नेमके त्याच दिवशी मालकांचे पाहुणे आले. इस्त्रीचा फ्रॉक घालून आलेल्या शकूला रखवालदारानं फाटकावरच अडवलं. "पोरीला आत्ता न्हाय सोडायचं, साहेबांनी सांगितलंय." आत यंत्रासमोर पाहुणे बसले… आणि हरले. साहेबांचा चेहरा उतरला. "पाहुणा हरतो म्हणजे काय, अण्णा? बदला ते." नोकरी होती, घर होतं… अण्णांनी चार कार्डं काढून नवी घातली. आता वाघ ऐन वेळी चुकायला लागला. पाहुणे जिंकले, टाळ्या वाजल्या. खूश झालेले साहेब म्हणाले, "आता बोलवा तुमच्या मुलीला." अण्णा जुनी कार्डं परत घालायला वळले, तर साहेबांनी हात धरला. "राहू द्या. पाहुण्यांसमोर रडारड नको."

यंत्र कागदावर चाल छापायचं आणि अण्णा ती टेबलावरच्या पटावर मांडायचे. शकू बघता बघता जिंकली. आम्ही सगळे कौतुकानं हसत होतो. तिनं पटाकडं पाहिलं, मग बापाकडं. "अण्णा, हा आपला वाघ नाही."

त्यानंतर घरी पट मांडला गेला नाही. अण्णा हाक मारायचे, ती अभ्यास आहे म्हणायची. त्यांनी सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ती ऐकायला थांबायची नाही. हा अबोला तसाच ठेवून अण्णा गेले.

शोकसभेत साहेब म्हणाले, "अण्णांच्या यंत्राकडून आमचा एकही पाहुणा हरून गेला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आलो. त्या माणसाची सर्वांत मोठी हार यांनी हारात गुंफून त्याच्याच फोटोला घातली होती.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातल्या फरशीवर पट आखलेला होता, आणि शकू वाघाच्या बाजूला बसली होती. इतक्या संध्याकाळी ऐकलेल्या सूचना तिला तोंडपाठ होत्या. ती त्या पुटपुटायची आणि वहिनी डब्यात चिंचोका टाकायच्या. मी बकऱ्या घेऊन बसलो. पोरीचं सुकलेलं तोंड बघवेना, म्हणून एक बकरी मी वाघाच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

शकूनं ती उचलून माझ्या हातात परत दिली.

"काका, नीट खेळा."