भास्करकाकांनी ताणलेली अक्षरं

दोष भास्करकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला वाटायला नको की पोट्टा फिरवून फिरवून बोलून राह्यला.

खामगावात बसस्टँडच्या मागे काकांचं फ्लेक्सचं दुकान आहे. काका माझे नात्याने कोणी नाहीत, सगळं गावच त्यांना काका म्हणतं. इंजिनिअरिंग मध्येच सोडलं तेव्हापासून मी तिथे डिझाइन करतो. फ्लेक्सच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत. बॅनर कापला की कडेच्या पट्ट्या खाली पडतात आणि दुपारपर्यंत त्यात पाय अडकायला लागतात. किश्शांचंही तसंच. अधूनमधून झाडावे लागतात.

तर झाडतो. पण आधी मुद्दा काय होता ते ऐका.

पुण्यातल्या एका स्टुडिओच्या मॅडमनी माझी काही डिझाइन्स मोबाइलवर पाहिली आणि फोन केला. त्यांच्याकडे फक्त अक्षरांचंच काम चालतं. दुकानाची पाटी असो, पुस्तकाचं कव्हर असो, तेलाची बाटली असो, कशाला कोणतं अक्षर शोभेल हे ठरवायचं, दिवसभर. असं काम जगात असतं आणि त्याचा पगारही मिळतो, हे ऐकून मी फोन कानाला लावूनच दुकानाबाहेर पडलो, तो थेट रसवंतीपाशी थांबलो.

मॅडम म्हणाल्या, "एक माणूस घ्यायचाय. पण स्क्रीनवरचं काम नको. रस्त्यावर उभं असलेलं दाखवा. अक्षर तुम्ही निवडलेलं, आणि तुम्ही ठेवलं तसंच्या तसं. एक फोटो पुरे. महिनाअखेरपर्यंत पाठवा."

एक फोटो! मला वाटलं, हे तर चार दिवसांचं काम. पण चारही दिवस काका दुकानात होते ना.

काकांची रीत अशी. फ्लेक्स फुटाच्या भावाने विकला जातो. म्हणजे रिकामा राहिलेला प्रत्येक फूट ही गिऱ्हाइकाची फसवणूक, असा त्यांचा धर्म. जागा उरली की काका अक्षराचा कोपरा माउसने धरतात आणि कडेला टेकेपर्यंत ओढतात. उभ्या रेघा खांबाएवढ्या होतात, वरची शिरोरेघ बिचारी दोरीएवढीच राहते, आणि 'क'चं पोट भरिताच्या वांग्यासारखं सुटतं. कॉम्प्युटरमध्ये फॉन्ट मोजता येणार नाहीत इतके. काका वापरतात चार. त्यांना नावंही त्यांनीच दिलीत: लग्नाचा, साहेबाचा, दवाखान्याचा आणि मयताचा. माणसाच्या आयुष्यात आणखी काही घडतं हे काकांना मान्यच नाही.

*

उंद्रीचे एक कृषी केंद्रवाले आले. नवं दुकान, नवा बोर्ड. मी खूश. त्यांच्यासाठी असं अक्षर काढलं की बघत राहावं. नीट उभं, मोकळं, रस्त्यावरून मोटारसायकलवर जाताना एका नजरेत वाचून व्हावं. दोन्ही बाजूंना हिरवी मोकळी जागा, पेरणीआधीच्या शेतासारखी.

मालकांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग म्हणाले, "अक्षर पातळ दिसून राह्यलं."

म्हटलं, "पातळ नाही भाऊ, नाजूक आहे."

"म्हंजे मंग बियानं बी नाजूकच वाटन ना. लोकं म्हणतीन, याच्याकडचं उगवत नाही."

काकांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि कोपरा धरला. बोर्ड आजही उंद्रीत आहे. 'बियाणे' इतकं माजलंय की त्याच्यावर फवारणी करावीशी वाटते.

*

मग पुढाऱ्यांची नावं. यात काकांचा कायदाच आहे. अक्षराभोवती जी रंगीत किनार असते तिला आम्ही बॉर्डर म्हणतो. काकांच्या दुकानात बॉर्डर पदाप्रमाणे मिळते. सरपंचाला एक, झेडपीवाल्याला दोन, आमदाराला तीन आणि मागून उजेड. हे कुठे लिहिलेलं नाही, पण अख्ख्या तालुक्याला पाठ आहे.

एक पोट्टा आला. माझ्याच वयाचा, गळ्यात रुमाल. वाढदिवसाचा बॅनर.

"काका, माह्या नावाले तीन बॉर्डर टाका."

"तू कोन हायेस बे?"

"युवा नेता."

"कायचा?"

पोट्ट्याने गळ्यातला रुमाल सारखा केला. "युवकांचा."

"एक भेटन. निवडून ये, दुसरी फुकट टाकून देतो."

मला संधी दिसली. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, भाऊ, बॉर्डरच नको घेऊ. चौकात सगळी नावं किनारीवाली आहेत, तुझं एकट्याचं साधं आणि ठाम ठेवू. शंभर बॅनरांत तेवढंच दिसेल. स्क्रीनवर काढून दाखवलं. काय दिसत होतं सांगू! पोट्ट्याची मान आपोआप ताठ झाली. मी मनातल्या मनात फोटोही काढून मोकळा झालो.

काका चहा पिता पिता म्हणाले, "घे. मस्त हाय. पन बिनबॉर्डरचं नाव आपल्याकडे मयताचं असते, येवढं ध्यानात ठेव."

पोट्ट्याने एक बॉर्डर घेतली आणि घाईने निघून गेला.

*

आणि मयताचं म्हणाल, तर तेही ऐका. एक जुने सभापती वारले. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाचे बॅनर आमच्याकडेच व्हायचे. पिवळ्याजर्द जाड अक्षरांतून ज्वाळा निघतायत, असा तो साहेबाचा फॉन्ट. त्यांचा मुलगा श्रद्धांजलीचा बॅनर करायला आला. मी काही न विचारता एक शांत अक्षर लावलं. काळ्यावर पांढरं, मधे खूप मोकळं, वाचणाऱ्याने आपोआप आवाज खाली आणावा असं. काकांनीही त्या दिवशी माउसला हात लावला नाही.

मुलानेच मान हलवली. "हे बाबाईचं नाही वाटत. ते ज्वाळावालं पाह्यजे."

मी म्हटलं, "दादा, श्रद्धांजली आहे."

"हाव ना. पन लोकाईले कसं समजन का कोन गेलं? सारा गाव त्याईले त्याच अक्षरानं वळखते."

लावलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', ज्वाळांसकट. ते चौकात तेरवीपर्यंत असं पेटलेलं होतं की दोन जणांनी येऊन विचारलं, साहेब कुठून उभे राहताहेत.

*

वरवट बकालच्या एका लग्नात तर हद्द झाली. पत्रिका छोटी गोष्ट, पण मांडवाच्या दारावर मोठा स्वागताचा बोर्ड होता आणि तो रस्त्यावरच उभा राहणार होता. म्हणजे माझा फोटो होता. नवरीचं नाव रमा, नवऱ्याचं चंद्रप्रकाश. मी दोन्ही नावं एकाच अक्षरात, एकाच उंचीची, एकाखाली एक ठेवली. 'रमा' एवढंसं, आजूबाजूला हवा. अख्ख्या बोर्डवर नजर तिच्यावरच जात होती.

नवरीचे मामा आले. निवृत्त मुख्याध्यापक, खिशात सहा इंची पट्टी. ती काढून त्यांनी प्रिंटवर दोन्ही नावं मोजली. आयुष्यभर पोरांच्या वह्यांचा समास मोजलेला माणूस, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार?

"आमची पोरगी लहान काऊन दिसून राह्यली? पोरावाल्याइचं नाव येथून तेथलोक, आन आमचं चिमटीयेवढं. दोन्ही सारखी लांब पाह्यजे."

मी समजावायला तोंड उघडलं तोवर काकांनी 'रमा'चा कोपरा धरला होता. ओढलं. 'चंद्रप्रकाश'एवढं लांब होईपर्यंत ओढलं. 'म' असा पसरला की त्यात संसार मावावा. मामांनी पट्टी लावली, समाधानाने खिशात ठेवली.

हळदीच्या दिवशी खुद्द नवरीचा फोन. काकांनी स्पीकरवर घेतला.

"काका, म्या फोटो पाह्यला बोर्डाचा. माह्यं नाव रोलरखालून काढलं का?"

"बाई, तुया मामानं मोजून घेतलं."

"मंग मामाचंच नाव टाका ना तेथं. त्याले बसन."

त्या मुलीला मी ओळखत नाही, पण तिच्यावर माझा विश्वास आहे.

*

डोळ्यांच्या डॉक्टरांचा किस्सा लहान आहे. शिकलेला माणूस आला म्हणून मी उठून उभा राहिलो. म्हटलं, सर, तुमच्या पाटीला एकदम स्वच्छ अक्षर देतो, ज्याला कमी दिसतं त्यालाही वाचता येईल.

डॉक्टरांनी त्यांच्या मोबाइलमधलं एक अक्षर दाखवलं. वेलबुट्टीचं, एकात एक गुंतलेलं. लग्नाच्या फॉन्टचा मोठा भाऊ.

मी म्हटलं, "सर, हे तर कोणालाच वाचता येणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "मग आत येतील ना."

काकांनी त्यांना चहा मागवला.

*

महिना संपत आला. फोटो नाही. मॅडमचा मेसेज आला: "परवा ठरवतोय. काही आहे का?" मी लिहिलं, आहे. नव्हतं.

पण त्याच दिवशी पिंपळगाव राजाहून प्रज्ञा आली. तिथल्या बौद्ध वस्तीत विहाराशेजारच्या खोलीत पोरापोरींनी अभ्यासिका सुरू केली होती, पोलीस भरती आणि तलाठीच्या परीक्षेसाठी. प्रज्ञा ती सांभाळते. तिच्यासोबत विहार समितीचे दोन आबा होते आणि थोरल्या आबांच्या हातात पासपोर्ट फोटोंचं पाकीट. मी ते पाकीट पाहिलं आणि समजलो. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना मार्गदर्शकांची रांग, मधे अभ्यासिका गुदमरलेली.

प्रज्ञाने पाकीट आबांच्या हातातून काढलं आणि त्यांच्याच खिशात ठेवलं. "आबा, फोटो घरी लावा. येथं अभ्यास होते."

आबांनी खिशाचं बटण लावलं. त्यांच्या पिढीला कोणीतरी गप्प बसवू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मी कामाला बसलो. एकच शब्द, 'अभ्यासिका'. त्यासाठी असं अक्षर लावलं की 'भ' ताठ बसलाय पाठ सरळ करून, 'स' पुढे वाकून वाचतोय. खाली बारीक, 'सर्वांसाठी खुली'. बाकी बोर्ड पांढरा. खूप पांढरा. प्रज्ञा म्हणाली, "वाचाले बसावं वाटते." यापेक्षा मोठी दाद मला आजवर कोणी दिली नाही.

फाइल लगेच कर्व्ह केली. म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, मग कोणाला फॉन्ट बदलता येत नाही. आणि ओढता येऊ नये म्हणून मशीनपाशी स्वतः उभा राहिलो, शेवटचा इंच बाहेर पडेपर्यंत. काका येऊन पाहून गेले.

"येवढी जागा खाली? लोकं म्हणतीन भास्करची शाई सरली."

"तशीच राहील," मी म्हटलं.

"राहू दे बाप्पा," काका म्हणाले आणि फ्रेम, शिडी टेम्पोत टाकून फिटिंगला स्वतः गेले. तिथेच मला समजायला हवं होतं. काका फिटिंगला कधी जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पिंपळगावला पोचलो. शेवटची तारीख तीच. मोबाइल पुसत पुसतच उतरलो.

बोर्ड लागला होता. माझं अक्षर जिथे ठेवलं तिथेच. आणि सगळ्या पांढऱ्या जागेत, वरपासून खालपर्यंत, लाल आणि निळ्या ऑइलपेंटने हाताने लिहिलेलं: 'चपला रांगेत काढा. मोबाइलचा आवाज बंद. झोप आल्यास तोंड धुवा. पंखा सर्वांचा आहे.' खाली कोपऱ्यात, 'पेंटर भास्कर, खामगाव' आणि मोबाइल नंबर.

फ्लेक्स यायच्या आधी काका गावोगावच्या भिंती रंगवायचे. हे मला प्रज्ञाने तिथे उभ्या उभ्या सांगितलं, कारण तिला ते काकांनी शिडीवरून सांगितलं होतं.

"तू थांबवलं नाहीस?"

"त्याईनं म्हटलं, तुमीच पाठवलं."

दुसरं काही पाठवायला नव्हतंच. फोटो काढला, पाठवला, आणि खाली लिहिलं: 'मधलं अक्षर माझं. बाकीचं दुसऱ्याने नंतर घातलंय, त्याकडे दुर्लक्ष करावं.'

परतलो तेव्हा काका काउंटरवर फोनवर बोलत होते. आवाज नेहमीचा नव्हता, जरा मऊ.

"हाव, म्याच लिवलं. नाही मॅडम, कॉम्प्युटर नाही, ब्रश. नाही, आखून नाही घेत. लिवता लिवता बसते ते. तुमच्याकडे? पुन्याले? पाहा बाप्पा, मले दुपारी झोप लागते."

फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

"त्या बाईनं विचारलं, अक्षर कोनतं वापरलं. म्या म्हटलं, माह्यंच हाय."

ती नोकरी मला मिळाली नाही.