पुसलेली मेंढरं

जालन्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा मी खुशीत होते. एका सौरऊर्जा कंपनीसाठी अंबडच्या पुढच्या गावातलं गायरान (सगळ्या गावाची चराईची जमीन) टिपायचं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच लांबलचक फोटोत. एसटीत खिडकी मिळाली. शेजारच्या बाईंनी न विचारता पेरूची फोड हातावर ठेवली.

गावात कंपनीचे साहेब जीप घेऊन उभे होते. "पडीक जमीन आहे हो, कुत्रंसुद्धा फिरकत नाही." गायरानावर पोचलो तर समोर शंभरेक मेंढरं आणि त्यांच्यामागे खांद्यावर घोंगडी टाकलेले मेंढपाळ, बाबुरावमामा. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला तेव्हाच राग यायला हवा होता.

मी ट्रायपॉड रोवला. एकाच कोनातून तीन फोटो काढायचे: एक काळपट, एक बेताचा, एक उजळ. मग कॅमेरा थोडा वळवून पुन्हा तीन. कॉम्प्युटर तिन्ही एकात मिसळतो, म्हणजे आभाळही दिसतं आणि बाभळीखालची सावलीही. मग असे तुकडे शेजारी शेजारी जोडायचे.

"ताई, आमचा बी फोटो निघून राह्यला का?" मामांनी विचारलं.

"निघतोय की."

"मंग उभा राहू का बराबर?"

"नको, तुम्ही आपले चालत राहा. छान दिसतं."

दुपारी त्यांच्याच घरी जेवले. मामींनी भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशा त्या हसल्या.

"उद्या ग्रामसभा हाय," मामा म्हणाले. "कंपनी म्हणते, जमीन रिकामी हाय, देऊन टाका. आम्ही पिढ्यान् पिढ्या तिथंच चारून राह्यलो. तुमच्या फोटोत दिसंल की समद्याला."

संध्याकाळी अंबडच्या लॉजवर जोडणी केली. आभाळ इतकं सुरेख आलं होतं की मी खाली जमिनीकडे पाहिलंच नाही. तसाच फोटो साहेबांना धाडला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं झळकला. "बघा, आहे का कोणी?" साहेबांनी विचारलं. कोणीही नव्हतं. तीन फोटोंत मेंढरं तीन जागी होती. जे हललं ते चुकीचं, असं समजून कॉम्प्युटरनं सगळं पुसलं होतं, मामांसकट.

मामा उठले, भिंतीपाशी गेले आणि बोट ठेवलं. "हितं व्हतो मी. तुम्हीच म्हन्ल्या न ताई, चालत राहा?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या मशीनचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

"हा फोटो खोटा आहे," मी उभी राहून म्हटलं.

"अहो, फोटो तर तुमचाच!" साहेब चक्क हसले.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. सगळ्यांसमोर मामांनी बोट ठेवलेला तुकडा काढला आणि त्या जागी तिघांतला मधला, बेताचा फोटो एकटाच जसाच्या तसा बसवला. तेवढं आभाळ पांढरंफटक झालं, दोन्ही बाजूंना जोड उघडे पडले. पण मेंढरं होती. मामा होते.

"जोड दिसतो. असला फोटो चालणार नाही," साहेब म्हणाले.

"दिसू द्या की," सरपंचबाई म्हणाल्या. "मेंढरं बी दिसून राह्यली." ठराव त्यांनी त्या दिवसापुरता थांबवला. पुढे काय होईल, मला माहीत नाही. साहेब काही गप्प बसणारे नव्हेत.

मामा स्टँडवर सोडायला आले, रागाचा एक शब्द बोलले नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली. इतकी वर्षं मी 'स्वच्छ' फोटोंसाठी कौतुक झेलत आले.

घरी पोचल्यावर जुने फोटो उघडले. नदीकाठ, आठवडी बाजार, देवळापुढचं पटांगण. सगळं लखलखीत, आणि माणूस एक नाही. आता एकेकाचा मधला फोटो शोधत बसले आहे.