कडेवरची सुट्टी

परवा चतुर्थीला लिंबागणेशला लई मजा आली... म्हणजे मला. वहिनींना नाही.

मी बीडला एका घरी बाळ सांभाळायला असते. राहणं, जेवण तिथंच. वहिनी आणि भाऊंचं कापडाचं दुकान आहे, आणि त्यांचा सव्वा वर्षाचा शिवा दिवसरात्र माझ्या अंगाखांद्यावर. माझी स्वतःची लेक मात्र चकलांब्याला आईकडे.

माणसं वाईट नाहीत हो. पण सुट्टीचं नाव काढलं की वहिनींचं ठरलेलं, "अगं, तू तर घरचीच!" घरचीला दिवस उगवल्यापासून काम, आणि सुट्टी मागितली की पगार कापायची भाषा... असलं कसलं घरचंपण?

मग एकदा स्पष्टच बोलले. रविवारी दुकान बंद, तिथल्या कामाच्या बायांना भरपगारी सुट्टी. मलाही रविवार द्या, लेकीचं तोंड बघू द्या.

वहिनी म्हणाल्या, "परवा दिली की सुट्टी. कपिलधारला न्हाई का नेलं तुला फिरायला?"

अहो, कपिलधारला जाताना शिवा माझ्या कडेवर, येताना माझ्या कडेवर. धबधबा मी पाहिला तो दुधाची बाटली धुता धुता!

राग आला, खरंच आला. पण भांडले नाही. म्हटलं ठीक आहे, फिरायला नेणं म्हणजे सुट्टी ना... बघू.

चतुर्थीला लिंबागणेशला निघालो. मी ठेवणीतली साडी नेसले, गजरा माळला. गाडीत बसताना वहिनींनी सवयीनं शिवाला पुढं केलं. मी हात मागे घेतले. "अं हं वहिनी, आज सुट्टी हाय ना माझी?"

भाऊ खिडकीबाहेर बघून हसू दाबत होते.

देवळात ही गर्दी! शिवा वहिनींच्या कडेवरून खाली उतरेना, मंगळसूत्र ओढी, पेढा वहिनींच्या साडीला पुसला. मी आरामात दर्शन घेतलं, भेळ खाल्ली. एकदा त्यानं माझ्याकडे हात पसरले तेव्हा माझेही हात पुढं झाले... पण परत मागे घेतले.

परतताना वहिनी कंबर धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "रविवारी जात जा लेकीकडं. पगार न्हाई कापत." वहिनी, ही पोस्ट वाचत असाल तर मनापासून थँक्यू. शब्द पाळलात.

काल पहिला रविवार. एसटीतून उतरले तर आई आणि लेक फाट्यावरच उभ्या. लेक चार वर्षांची घोडी झालीय, पण जी कडेवर चढली ती घर आलं तरी उतरेना.

आई ओरडली, "उतर की गं खाली! एक दिवस तर सुट्टी हाय तिला."

म्हटलं, "राहू दे गं आई... हीच तर सुट्टी हाय."