बिब्ब्याच्या रेघा

४ ऑक्टोबर १९५८, शनिवार. सकाळची शाळा शिकवून आले, घरचं आवरलं आणि दुपार कलल्यावर धाकट्या दिरांच्या कपड्यांवर बिब्ब्याने खुणा घालायला बसले. मुंबईला ते गावच्या अकरा जणांबरोबर एका खोलीत राहायचे. धोब्याकडून कपडे आले की कुणाचा सदरा कुणाच्या अंगात, याला धरबंध नसे. म्हणून बिब्ब्याला सुई टोचायची, सुईवर आलेल्या तेलाने कॉलरच्या आत तीन ठिपके द्यायचे आणि वरून चुन्याचं बोट. सदरा फाटेल, पण ठिपके जायचे नाहीत.

रजा संपवून दीर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने निघणार होते. त्यांच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या गाववाल्याला दोन वर्षं रजा मिळाली नव्हती. "आमची वैनी मास्तरीण हाय, अख्खं गाव कागदावर आणतो तुमच्यासाठी," असं दीर त्याला सांगून बसले होते. मला विचारलं होतं इथे आल्यावर.

ड्रॉइंगचे दोनच ताव होते. पहिल्यावर मी तीन दिवस खपून टाकाने गाव काढलं. नदी, भाताच्या खाचरांचे बांध, मागचा डोंगर, आणि फणसाखाली त्या म्हाताऱ्याचं घर. आज त्यात नुसते पातळ रंग सोडायचे होते. खुणांचं काम जरा बाजूला ठेवून मी ओला ब्रश खाचरांवरून फिरवला आणि रेघा चालू लागल्या. शाळेची गोळीची शाई ती, पाणी लागताच विरघळली. बांध नदीत गेले, फणस डोंगरावर चढला.

दीर मागे येऊन उभे राहिले. "वैनी, पूर आला गो! म्हाताऱ्याचं घर वाहून गेलं."

"मग बरं झालं," चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "घर वाहून गेलं सांग सायबाला. आता तरी रजा देईल."

हसू मलाही आलं, पण ताव एकच उरला होता आणि उजेड दोन तासांचा. नुसत्या शाईचं चित्र देता आलं असतं. पण भात पिवळं पडायच्या दिवसांत बिनरंगाचं शिवार द्यायचं माझ्या जिवावर आलं. पुन्हा सदरा ओढला, ठिपका दिला आणि हात थांबला. धोब्याच्या दगडाला जे दाद देत नाही, ते माझ्या ब्रशला काय देणार?

बोरू तासला, बिब्बे फोडले आणि उरलेल्या तावावर त्या तेलानेच मोजक्या रेघांत गाव पुन्हा काढायला घेतलं.

"उततो हां तो," सासूबाई म्हणाल्या. "त्या हाताने तोंड पुसू नको, नायतर सोमवारी पोरं तुला वळखायची नायत."

तोंड जपलं. बोटं मात्र विसरले, कारण चुकलेली रेघ बोटाने टिपायची माझी शाळेतली सवय.

रेघा वाळल्यावर श्वास धरून हिरवा रंग सोडला. एक रेघ हलली नाही. उलट तेलाने प्रत्येक बांधाच्या कडेला पिवळसर झाक आली होती आणि तिच्यावर हिरवा धरत नव्हता. आधी वैतागले. मग दारातून बाहेर पाहिलं, तर बाहेरचं भातही कडेकडेने असंच पिवळं पडत होतं. तशीच राहू दिली. डोंगराला निळा, कौलांना तांबडा दिला. इतक्या मजेने मी कधी रंगवलं नव्हतं.

सकाळी उठले तर उजव्या हाताची तीन बोटं सुजून फोडांनी भरलेली. त्यांना खोबरेल लावलं, चित्राची गुंडाळी काखेत मारली आणि दिरांबरोबर पोलादपूरला चालत गेले. स्टँडवर त्यांनी चित्र उघडलं, बोट ओलं केलं आणि म्हाताऱ्याच्या घरावरून फिरवलं.

"हाललं नाय!" ते ओरडले. "वैनी, आता बाकीचे दहा जण मागं लागतील गो."

"लागू देत," मी म्हटलं आणि त्याच गाडीत चढले. महाडला उतरून ड्रॉइंगचे दहा ताव घेतले, आणि पाण्याने न जाणाऱ्या काळ्या शाईची एक बाटली.