पाठीमागचा हात

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही. हसा!

दुष्काळाच्या सालानंतरचा मे महिना. त्या काळी सोलापुरात टेनिसवर पोट भरायचं म्हणजे काय? एखाद्या मिलनं नोकरी द्यायची आणि आपण तिच्या नावानं गावोगाव खेळत हिंडायचं. मी आणि विरूपाक्ष, आमची डबल्सची जोडी. तो अक्कलकोटकडचा, दिवसभर नव्या पेठेत कापडाची ठाणं उलगडायचा. एका मिलचे साहेब आमची फायनल बघायला येणार होते. जिंकलो की दोघांना नोकरी! आठवडाभर मला ना झोप, ना जेवण. नुसता येरझाऱ्या घालत होतो.

डबल्सची एक रीत असते. मागचा सर्व्हिस करतो आणि नेटपाशी उभा असलेला पुढचा त्याला पाठीमागं हातानं खुणा करतो. मूठ म्हणजे, आहेस तिथंच थांब. उघडा पंजा म्हणजे, मी बाजू बदलतोय, तू माझ्या बाजूला पळ.

आता सोलापूरचं ऊन! माझी पाठ घामोळ्यानं नुसती फुललेली.

फायनल सुरू झाली, मी नेटपाशी. विरूपाक्षनं सर्व्हिस केली आणि पळत माझ्याच मागं येऊन उभा! अर्धं कोर्ट मोकळं. समोरच्यांनी चेंडू तिकडं अलगद ठेवला.

"हिकडं कशाला आलास बे?"

"तूच बोलावलास की!"

"मी? कधी?"

"आत्ताच की! पंजा दावलास!"

साफ खोटं! मी भडकलो. भडकलो की घाम, आणि घाम आला की... तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं! पुढच्या पॉइंटलाही तो पळाला, त्याच्या पुढच्यालाही.

"अय्यो, एकदा काय ते ठरीव की बे!"

शेवटी वैतागून त्यानं माझ्या हाताकडं बघणंच सोडलं. नेमका तेव्हाच मी खराखुरा पंजा दाखवून पळालो. पुन्हा अर्धं कोर्ट मोकळं. हरलो!

साहेबांनी बोलावलं. मी तावातावानं सुरू झालो, "साहेब, हा माझं ऐकतच नाही..." बोलता बोलता हात पाठीवर गेला. कराकरा!

"ह्येच! ह्येच की त्ये!" विरूपाक्ष किंचाळला.

साहेब त्याला म्हणाले, "चुकीचं सांगितलं तरी ऐकतोस. सोमवारपासून कामावर ये."

"आणि मी, साहेब?"

"गेटवर वॉचमनची जागा आहे. पण नको. तुझी पाठ खाजली की आमचे ट्रक मागं फिरतील."

खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझा हात पाठीवरच होता!