शेंडीसह दोन नग

माझ्या बायकोचं म्हणणं, ही गोष्ट सांगणं मी आता थांबवावं. लग्नांत सांगून झाली, बारशांत सांगून झाली, एकदा तेराव्याच्या जेवणात सांगितली तर गेलेल्याचा मुलगाच सगळ्यात मोठ्यानं हसला. पण लिहून मात्र मी ती कधी काढलेली नाही, आणि सूड लेखी असला की जास्त टिकतो. तेव्हा बसा.

आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. जीव मात्र अडकलेला रंगमंचावरच्या दिव्यांत. आमच्या वसाहतीतली मराठी मंडळी गणपतीत नाटक बसवायची. प्रकाशयोजना म्हणजे काय, तर एक काका विंगेत उभे राहून खटके खाली-वर करायचे. संध्याकाळ व्हायची असली की खट्! थेट काळोख. नायिकेला उसासा टाकायलासुद्धा उजेड पुरायचा नाही. मी ठरवलं, सहा दिवे हळूहळू मंद-प्रखर करणारा डिमर बोर्ड आपण बांधायचा, आणि कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून तोच दाखवायचा.

प्रोजेक्ट दोघांनी मिळून करायचा असे. माझा पार्टनर दक्षिण दिल्लीतल्या एका कोठीतला, म्हणजे आलिशान बंगल्यातला. हसरा, गोड बोलणारा, स्वतःची गाडी असलेला. बोर्डासाठी त्यानं काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. एकदा त्यानं मला सुटे भाग घ्यायला लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात गाडीतून नेलं. स्वतः खाली उतरला नाही, कारण गाडी लावायला जागा नव्हती. बस. बाकी चार महिने माझी बोटं भाजली, आमच्या घरातले फ्यूज उडाले आणि आईच्या शिव्या मी खाल्ल्या. गणपतीत बोर्ड चालला. पहिल्यांदाच आमच्या रंगमंचावर खरीखुरी संध्याकाळ झाली.

मग पार्टनर म्हणाला, "यार, तू बोर्ड संभाल. रिपोर्ट मैं देख लूँगा. तेरी नोटबुक दे दे, टाइप करवा लेता हूँ."

मी वही दिली. हा माझा मूर्खपणा.

त्या वर्षी बाहेरचे परीक्षक म्हणून नोएडातल्या एका कारखान्याचे चीफ इंजिनिअर येणार होते. कारखाना नाटकाचे आणि स्टुडिओचे दिवे बनवायचा. ते आमच्या वर्गातून एकाला, फक्त एकाला, नोकरी देणार होते. सबंध दिल्लीत माझ्यासाठी एवढीच एक नोकरी होती. ती हुकली तर बाबांनी आणून ठेवलेला सरकारी परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि जन्मभर सबस्टेशनच्या कुंपणांची पाहणी करत हिंडायचं. फॉर्म देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. म्हणजे देवाचीही फूस होती.

वायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दोन दिवस आधी मी झेरॉक्स काढायला शेजारच्या मुनिरकेत गेलो. अरुंद गल्ली, वर तारांचं जाळं, खाली टायपिंगचं दुकान. टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर आमच्याच रिपोर्टाचं पहिलं पान उघडं होतं. मोठ्या अक्षरांत: संकल्पना, आराखडा आणि बांधणी, पार्टनर. तळाशी बारीक अक्षरांत: सोल्डरिंगसाठी मदत, मी.

सोल्डरिंगसाठी मदत! मी तिथल्या स्टुलावर बसलो. कानशिलं तापली. धावत जाऊन प्रोजेक्टच्या गाइडसरांपुढे रडावं असं एक क्षण वाटलं. पण सर पार्टनरच्या गाडीतून घरी जायचे. आणि रडका माणूस नाटकात नेहमी दुसऱ्या अंकात मरतो, एवढं मी शिकलो होतो.

"भैया," मी म्हटलं, "सामानाच्या यादीत एक ओळ राहिलीय."

"बोलो."

"वाचून बघणार नाही ना तुम्ही?" मी हिंदीत विचारलं.

"मैं पढ़ता नहीं, टाइप करता हूँ," तो अभिमानानं म्हणाला.

मी ओळ सांगितली. त्यानं ती घातली. ट्रायॅक सहा, चोक सहा, फ्यूज बारा, आणि त्याखाली इंग्रजीत, सुबक: नारळ, मध्यम आकाराचे, शेंडीसह, दोन नग.

यात खोटं काही नव्हतं हं. पडदा वर जाण्याआधी आपण नारळ फोडतोच. एक मी बोर्डापुढे फोडला होता, दुसरा रंगमंचापुढे. खरेदी माझ्याच हातची.

पार्टनर ती यादी वाचणार नाही याची मला खात्री होती. रिपोर्टाच्या शेवटची यादी कॉलेजात कुणीच वाचत नसे. पण कारखान्यातला माणूस? तो पुस्तक मागूनच उघडतो. त्याला सिद्धान्ताशी देणंघेणं नसतं, माल किती लागला ते बघायचं असतं. आणि आमच्याकडे पहिल्या वर्षापासून सीनियर लोक एक मंत्र घोटून घेत: वायव्हात 'माहीत नाही' कधीच म्हणायचं नाही. काहीही बोला, पण बोला. माझा सगळा डाव या दोन सवयींवर उभा होता.

वायव्हाचा दिवस. टेबलावर बोर्ड, त्यापलीकडे रंगीत कागद लावलेले सहा दिवे. पार्टनर टाय लावून आलेला. गाइडसर हसतमुख. चीफ इंजिनिअर टक्कल पडलेले, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा केला आणि मागून उघडला. माझ्यापुरती तिसरी घंटा झाली.

मग चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"यह बोर्ड आपने बनाया?"

"येस सर. डिझाइन, सर्किट, एव्हरीथिंग."

"अच्छा. तो यह नारियल किसलिए है?"

पार्टनरनं यादीकडे पाहिलं. यादीनं पार्टनरकडे पाहिलं. 'टायपिंगची चूक आहे सर' एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. पण चार वर्षांचा मंत्र घशापर्यंत आलेला.

"सर, वह... लोड के लिए."

"लोड?"

"डमी लोड, सर. अंदर पानी होता है ना. तो हीट अब्सॉर्ब हो जाती है."

गाइडसरांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. चीफ इंजिनिअरांचा चेहरा मात्र हलला नाही. असा नट मी आजवर पाहिलेला नाही.

"और दो क्यों?"

"एक स्टँडबाय, सर."

"बिल्कुल. और यह शेंडी? वह भी लिखा है, शेंडीसहित."

पार्टनरच्या कपाळावरून घामाचा एक थेंब टायवर पडला.

"अर्थिंग, सर."

देवा! मी आतल्या आत लोळलो. मला वाटत होतं एखादी थाप मारेल. त्यानं अख्खं शास्त्र उभं केलं.

चीफ इंजिनिअर माझ्याकडे वळले. "आणि तू?" ते आता सरळ मराठीत बोलले. नागपूरचे निघाले! "नारळ कशाला, तू सांगतोस?"

हाच तो क्षण. मी हात मागे बांधले, मान खाली घातली. "सर, मला काय माहीत? मी फक्त सोल्डरिंगला मदत केली. पहिल्या पानावर लिहिलंय."

त्यांनी पहिलं पान उघडलं. वाचलं. मिटलं. "बरं, सोल्डरिंगवाले. मला जरा संध्याकाळ करून दाखवा."

मी केली. दोन हातांनी सहा खुंट्या फिरवत पिवळ्याची केशरी केली, केशरीची जांभळी, आणि शेवटी एक कोपरा उगाच थोडा उजळ ठेवला, उसासा टाकायला. चीफ इंजिनिअरांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग ते म्हणाले, "सोमवारी नोएडाला या."

बाहेर व्हरांड्यात पार्टनरनं माझी कॉलर धरली. "तूने किया ना?"

"मी," म्हटलं. मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

"सॉरी भी नहीं बोलेगा?" त्यानं विचारलं.

"नाही."

गाइडसरांनी त्याला काठावर पास केलं, आणि पहिलं पान माझ्यासमोर हातानं पुन्हा लिहायला लावलं. माझं नाव लिहिताना त्याच्या पेनातली शाई अडली. मी माझं पेन पुढे केलं. तो आता परदेशात मोठा माणूस आहे म्हणतात. असू दे. मला पश्चात्ताप झाला असं इथं लिहायची पद्धत आहे. नाही झाला.

घरी जेवताना सगळं सांगितलं. आता शिव्या बसणार म्हणून मी ताटाकडे बघत होतो. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पुन्हा सांग. शेंडीचं तो काय म्हणाला?"

"अर्थिंग."

बाबांना ठसका लागला. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग उठून देव्हाऱ्याजवळचा फॉर्म उचलला आणि दुमडून रद्दीत टाकला. वीस वर्षं हा माणूस मंत्रालयात टिपणं लिहीत होता आणि वरचे साहेब त्यावर स्वतःच्या नावानं शाबासकी घेत होते. हे मला त्या दिवशी कळलं.

"काय रे," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आमचे जॉइंट सेक्रेटरीसुद्धा न वाचताच सही करतात. समज, एखाद्या टिपणात..."

"काही घालायचं नाही!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "अजून सहा वर्षं नोकरी आहे!"

बाबांनी मान डोलावली. पण भात कालवताना ते सबंध वेळ मनात कसलीशी यादी करत होते.