नवव्या फेरीचा तुंबा

आमचे भाऊजी, नझारियो तुयुब, सव्वीस वर्षं परगावच्या लोकांना जमिनीच्या पोटातल्या आमच्या डोहापर्यंत घेऊन येत होते आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांच्या पायाचा अंगठादेखील पाण्यात बुडाला नव्हता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना नव्हतं, आणि ते कळू नये याची काळजी आम्ही सगळे मिळून घेत असू.

मी तेओदोरा, त्यांच्या धाकट्या भावाची बायको. डोहाच्या तोंडाशी माझी चूल आहे. आठवड्यातले पाच दिवस किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून पाहुण्यांची गाडी येते. सकाळी माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष, दुपारी डोहात पोहणं, मग माझ्याकडे जेवण. केळीच्या पानात बांधून खड्ड्यात पुरलेली कोंबडी मी पहाटेच लावते. गाडी उशिरा आली की ती कोरडी पडते, आणि भाऊजींची गाडी नेहमी उशिरा येते.

कारण त्यांचा सगळा जीव दगडांत. दुसरे वाटाडे पायऱ्या मोजून दाखवतात, राजाचं नाव सांगतात आणि सावलीत जाऊन बसतात. भाऊजी पाहुण्यांना मागच्या बाजूच्या एका खोलीत नेतात. तिथे भिंतीच्या गिलाव्यावर लाल रंगात उठवलेला एक पंजा आहे. "हात लावू नका, नुसता समोर धरा," ते सांगतात. मग प्रत्येक जण आपला पंजा त्या पंज्यासमोर धरून उभा राहतो. आणि रोज कुणीतरी विचारतंच, की हे माया लोक नाहीसे कसे झाले? भाऊजी टोपी मागे सारून म्हणतात, "नाहीसे झाले खरे. दुपारी त्यांच्यातलीच एक तुम्हाला वाढणार आहे. मीठ कमी वाटलं तर सांगू नका, चिडते." मग ते सगळे जेवायला येतात तेव्हा माझ्याकडे भूत पाहिल्यासारखे बघतात. माझ्यावरचा हा विनोद मी सव्वीस वर्षं ऐकते आहे.

डोहावर मात्र माणूस बदलायचा. आधी सगळ्यांना नळाखाली उभं करून अंगाची क्रीमं धुवायला लावायचे, कारण ते पाणी गाव पितं. मग वरच्या पायरीवर टोपी काढून आमच्या भाषेत पुटपुटायचे. पाहुण्यांना वाटे, काहीतरी जुना मंत्र आहे. मला शब्द कळायचे. पाण्याच्या मालकाला, म्हणजे डोहातल्या देवाला, ते एवढंच सांगत: "अकरा आणलेत. अकराच्या अकरा परत दे. माझ्याच्याने काही होणार नाही, तुला ठाऊक आहे."

मग पाहुणे बावन्न पायऱ्या उतरून पाण्यात उड्या मारत, आणि भाऊजी खालून तिसऱ्या पायरीवर बसत. प्रत्येक गटात एखादी बाई, एखादा म्हातारा पाण्याला भिणारा असतोच. तो त्यांच्याशेजारी बसे. "तुम्ही नाही जात?" असं विचारलं की भाऊजी म्हणत, "माझं आणि पाण्याच्या मालकाचं ठरलंय. मी त्याच्या घरात शिरत नाही, तो माझ्या."

यंदा ईस्टरच्या आठवड्यात एका पाहुण्याच्या पायात गोळा आला. तो डोहाच्या मधोमध गटांगळ्या खाऊ लागला. भाऊजींनी दोर फेकला, तो चार हात अलीकडे पडला. पुन्हा ओढून फेकला, पुन्हा तेच. शेवटी तिकिटं देणारा विल्बेर्थ कपड्यांनिशी पाण्यात पडला आणि त्याने माणूस बाहेर काढला. कुणाला काही झालं नाही. तासाभराने तो पाहुणा माझ्यापुढे बसून दुसऱ्यांदा कोंबडी मागत होता. पण भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. हातातला ओला दोर त्यांनी बराच वेळ खाली ठेवला नाही.

डोह गावाच्या सामाईक जमिनीत आहे, त्यामुळे त्याचे नियम गावसभेत होतात. मे महिन्याच्या अखेरीस सभा भरली. रेमुंदो आमच्या सभेचा प्रमुख. त्याला लिहायला-वाचायला भाऊजींनीच शिकवलेलं. तो खाली बघतच बोलला. जो पाहुण्यांना खाली नेईल त्याला दोर न धरता या काठापासून त्या काठापर्यंत पोहता आलं पाहिजे. चोवीस जूनला, संत ख्वानच्या दिवशी, सगळ्यांची परीक्षा. ज्याला जमणार नाही त्याचे पाहुणे दुसऱ्याला.

"हात वर करा," रेमुंदो म्हणाला.

पहिला हात भाऊजींचा.

मी बाहेर त्यांना गाठलं. "भाऊजी, अक्कल गहाण टाकलीत का? पोहणं म्हणजे काय पंज्यासमोर पंजा धरणं आहे?"

"तेओ, दोर दोनदा आखूड पडला," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत माणूस गेला असता तर ती दगडांवरची अक्षरं वाचून मी कुणाला सांगणार होतो?"

"मग शिका."

"ते माझ्या हातात नाही दिलेलं." एवढं बोलून ते घरी गेले.

ह्यातली गोम आमच्याकडच्या कुणालाही चटकन कळेल. आमच्यात मूल काही महिन्यांचं झालं की त्याला पहिल्यांदा कडेवर घेण्याचा विधी असतो. मुलीला तिसऱ्या महिन्यात, चुलीचे तीन दगड म्हणून. मुलाला चौथ्यात, शेताचे चार कोपरे म्हणून. धर्माची आई, म्हणजे आईबापांनी मुलासाठी निवडलेली दुसरी आई, मूल कडेवर घेते, मेजाभोवती नऊ फेऱ्या मारते आणि दर फेरीला मेजावरची एक वस्तू त्याच्या मुठीत देते. कोयता, कुदळ, बियाणं, पेन्सिल, जे जे त्याला जन्मभर पेलायचंय ते सगळं. वाळक्या भोपळ्याचा, पाणी भरायचा तुंबा त्यात हवाच. पाणी वाहणं, पाणी राखणं, पाण्यात उतरणं हे सगळं त्या तुंब्यातून येतं. भाऊजींची ठाम समजूत होती की त्यांच्या हाती तुंबा आलाच नाही. लहानपणी पोरं चिडवायची, "नझारियो पोहणार ओळीवर बोट ठेवून, वाचत वाचत." मी या गोष्टी मानते का, हे मला विचारू नका. माझ्या तिन्ही मुलींना मी मेजाभोवती फिरवून घेतलंय.

त्यांची धर्माची आई, एउसेबिया कावीच, सत्त्याहत्तर वर्षांची. हाडांची मोळी, पण डोह तिच्या अंगणासारखा. सभेची बातमी तिला कळली. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर, ऊन अजून डोहाच्या छतातल्या भोकातून तिरपं पाण्यात उतरत होतं तेव्हा, ती माझ्या चुलीशी आली. भाऊजी केळीची पानं गोळा करत होते. म्हातारीच्या हातात जुना, काळा पडलेला तुंबा होता.

"पोरा, बस," ती म्हणाली. "तुला एक सांगायचं राहिलंय. अठ्ठावन्न वर्षं राहिलंय."

भाऊजी बसले.

"तुझ्याआधीची तुझी बहीण विहिरीत बुडून गेली, तुला ठाऊकच आहे. तुझ्या विधीच्या सकाळी मेजावर नऊ वस्तू मी स्वतः मांडल्या. नवव्या फेरीला हात घातला तर तुंबा नाही. तिथे पंचांगाचं पुस्तक. तुझ्या आईनं रात्रीतून बदललं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती अशी बघत होती पोरा, की मी तुंबा मागितलाच नाही. मी तुझ्या हातात पुस्तक दिलं. एक पुस्तक आधीच दिलेलं होतं, हे दुसरं."

"म्हणजे मला दोनदा वाचायला दिलं," भाऊजी म्हणाले.

"दोनदा. म्हणून तर बोलून बोलून कोंबडी कोरडी करतोस." मग तिचा आवाज बारीक झाला. "तुझ्या आईला पाण्याला दुसरं लेकरू द्यायचं नव्हतं. मी तिचं ऐकलं. बरोबर केलं की चूक, मला आजही कळत नाही. चल, ऊठ."

"कुठे, माय?"

"आठ फेऱ्या झाल्यात तुझ्या. नववी राहिली."

मी पुढचं डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. म्हातारी झग्यानिशी पाण्यात उतरली. भाऊजी शेवटच्या पायरीवर टोपी घालून उभे. तिने हात पुढे केला, कंबर एका बाजूला काढली, अगदी तान्ह्याला घेताना काढतो तशी. "ये," ती म्हणाली. आणि तो एवढा थोरला बाप्या, ज्याला मी कधी कुणासमोर वाकताना पाहिलं नव्हतं, तिच्या कमरेला दोन्ही पाय घालून चिकटला.

पाण्यात माणसाला वजन नसतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं अठ्ठावन्न वर्षांच्या लेकराला कडेवर घेतलं आणि ती काठालगतच्या उथळ कपारीवरून चालू लागली. टोपी भिजून कानांवर आली होती. भाऊजींनी डोळे मिटलेले. फेरी पुरी झाली तेव्हा तिने तुंबा त्यांच्या मुठीत दिला आणि म्हणाली, "हे पाणी. हे तुझं." मला हसू फुटायला हवं होतं, पण मी ओढणीने डोळे पुसत होते.

तुंबा मिळाल्याने कुणी मासा होत नाही, हेही सांगायला हवं. पुढचे वीस-बावीस दिवस रोज पाहुणे गेले की ती त्यांना पाण्यात घ्यायची. आधी पाठीला तुंबा बांधून, मग हनुवटीखाली हात धरून, मग नुसत्या शिव्यांवर. "पाय मार, अरे ते पाय आहेत, देवळाचे खांब नाहीत," हे मला वर चुलीपर्यंत ऐकू यायचं. भाऊजी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर यायचे आणि म्हणायचे, "तेओ, मीठ कमी आहे पाण्याला."

संत ख्वानच्या दिवशी सगळं गाव पायऱ्यांवर. विल्बेर्थ दहा श्वासांत पलीकडे गेला. बाकीचे तिघे वाटाडेही गेले. भाऊजींनी टोपी माझ्या हातात दिली. केस किती पांढरे झालेत हे रोज बघूनही मला तेव्हाच जाणवलं.

ते कुत्र्यासारखे पोहत होते, मान ताठ, तोंड वर. मधोमध, जिथे वरच्या झाडाची मुळं लोंबतात आणि खालचा तळ दिसेनासा होतो, तिथे ते थांबले. हात चालत होते, माणूस पुढे सरकत नव्हता. याच जागी त्या पाहुण्याला गोळा आला होता. परीक्षेपुरता आडवा बांधलेला दोर त्यांच्यापासून हातभर अंतरावर तरंगत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. रेमुंदोने तोंड फिरवलं.

पलीकडच्या कपारीवर एउसेबिया कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ती हाक मारेल असं मला वाटलं. तिने हाक मारली नाही. तिने फक्त कंबर एका बाजूला काढली आणि हात पुढे केला.

भाऊजींनी दोराकडची नजर काढली. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, पण माझ्या हातातली टोपी चुरगळून गेली होती. शेवटी त्यांचा हात तिच्या हाताला लागला. ती त्यांना कडेवर घेणार एवढ्यात ते पायांवर उभे राहिले.

"झालं," रेमुंदो म्हणाला, आणि पुन्हा मोठ्याने म्हणाला, "नझारियो गुरुजींचं झालं."

लोक ओरडत होते, कुणीतरी पाण्यात फुलं टाकली. मी काठाकाठाने टोपी घेऊन गेले तेव्हा दोघं कपारीवर बसून धापा टाकत होती. म्हातारीने आपल्या ओल्या झग्याने त्यांचं डोकं खसाखसा पुसलं.

"आता मेल्यावर तुझ्या आईला तोंड दाखवता येईल," ती म्हणाली. "म्हणेन, बाई, तुझा पोरगा पाण्यात गेला होता. आणि बघ, परत आला."